फंक्शनल एमआरआय केला तर अप्पांची भाषा किती शिल्लक आहे ते कळेल का?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी त्यातलं मुख्य आधी सांगते. अप्पा ६४ वर्षांचे, सोलापुरात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. घरात तेलुगू, कारखान्यात आणि बाजारात मराठी. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवा हात अजून नीट उचलत नाही आणि बोलणं 'हो', 'नाही', 'अरे' आणि 'माट' या चार शब्दांवर येऊन थांबलंय. गणपतीची आरती मात्र सगळ्यांबरोबर अर्ध्याहून अधिक म्हणतात. एमआरआयच्या रिपोर्टात डाव्या बाजूच्या मधल्या धमनीचा भाग गेल्याचं आणि त्यात 'ब्रोका एरिया' असल्याचं लिहिलंय. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की फंक्शनल एमआरआय केला की भाषेचं केंद्र किती जिवंत आहे ते दिसेल, तेलुगू वाचली की मराठी तेही दिसेल. त्यात भाच्याने स्कॅनवरून मनातले विचार वाचणाऱ्या यंत्राची बातमी पाठवली. तर तो स्कॅन करावा का?

या कारणासाठी करू नका. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी दुसऱ्या एखाद्या कारणासाठी सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. पण 'भाषा किती उरली' याचं उत्तर त्यातून मिळेल या आशेवर पैसे घालू नका.

मी २७ वर्षं वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडलेल्या, रुग्णांबरोबर काम करते आहे. त्यातली चार वर्षं एका संशोधन प्रकल्पासाठी स्कॅनरशेजारच्या काचेच्या खोलीत काढली. त्या यंत्राबद्दल मला आदर आहे. ते कुठे थांबतं हेही तिथेच बसून कळलं.

आधी तुमच्या हातात असलेल्या रिपोर्टाबद्दल. 'ब्रोका' हा शब्द वाचला की घरचे समजतात, बोलण्याचं केंद्र गेलं, संपलं. या समजुतीमागे एक माणूस आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण २१ वर्षं होता. त्याला विचारा काहीही, उत्तर एकच: 'तॅन'. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासून डाव्या कपाळामागचा खराब भाग दाखवला. पुढे त्या भागाला ब्रोकाचंच नाव पडलं. ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, अख्खा जपून ठेवला. हे फार बरं झालं, कारण जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००७ मध्ये, नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी तोच मेंदू एमआरआयमध्ये ठेवला. नुकसान वरवरच्या त्या एका भागापुरतं नव्हतंच. ते खूप आतपर्यंत, पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांपर्यंत गेलेलं होतं. त्याआधीच, १९७८ मध्ये, मोहर यांनी बरेच रुग्ण एकत्र तपासून दाखवलं होतं की फक्त ब्रोकाच्या भागाला इजा झाली तर बोलणं बंद पडतं, पण सहसा तात्पुरतं. टिकून राहणारा वाचाघात व्हायला बराच मोठा भाग जावा लागतो. म्हणजे रिपोर्टातल्या त्या एका शब्दावरून घाबरायचं कारण नाही. रेडिऑलॉजिस्टना फिल्म दाखवून नुकसान किती खोल गेलंय आणि मागच्या बाजूचा किती भाग वाचलाय हे विचारा. ते साध्या एमआरआयवर दिसतं आणि उपयोगाचं असतं.

आता फंक्शनल एमआरआय. हे तंत्र सेइजी ओगावा यांच्या १९९० च्या सुमाराच्या कामातून आलं. रक्तातल्या हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात. मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिकडे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्तच धावतं, आणि त्या फरकाने यंत्रातला सिग्नल किंचित वाढतो. किंचित म्हणजे एखाद-दोन टक्के, पुष्कळदा त्याहूनही कमी. बातम्यांत 'मेंदूचा हा भाग उजळला' असं लिहितात. मेंदूत काही उजळत नाही. संगणक आकडेमोड करतो, आपण ठरवलेल्या रेषेच्या वरचे आकडे लाल-पिवळे रंगवतो आणि ते रंग मेंदूच्या राखाडी चित्रावर चिकटवतो.

म्हणजे यंत्र मोजतं ते रक्त. तुमच्या घरात यंत्रमागाची माहिती असणार, म्हणून त्यातलंच सांगते. कारखान्याच्या विजेच्या मीटरवरून कोणत्या शेडमध्ये माग चालले होते ते कळेल. चादरीवर मोर विणला की वेलबुट्टी, ते नाही कळणार. धागा कुठे तुटला तेही नाही. ते अप्पांना मागाच्या नुसत्या आवाजावरून कळत असेल.

भाषेच्या बाबतीत ही अडचण जास्तच बोचते, कारण भाषा वेगाने चालते. हे वाक्य घ्या: 'काल मामांनी आणलेली पेटी कोणी उघडली?' बोलायला अडीच-तीन सेकंद. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेवढ्यात काय काय होतं बघा. 'आणलेली' ऐकलं तेव्हा 'पेटी' अजून यायचीच आहे, तरी मराठी कानाला कळलेलं असतं की येणारी वस्तू एकतर स्त्रीलिंगी एक आहे किंवा नपुंसकलिंगी अनेक आहेत. 'आणलेली पुस्तकं'सुद्धा होऊ शकलं असतं. मग 'पेटी' आली आणि एक वाट बंद झाली. पुढे 'उघडली' आलं, ते उघडणाऱ्याशी जुळत नाही, पेटीशी जुळतं. 'कोणी' म्हणजे बाप्या असो की बाई, क्रियापद 'उघडली'च. यातली एकेक पायरी सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात उरकते. आणि रक्ताचा तो सिग्नल? शिखराला पोचायला पाच-सहा सेकंद, उतरून जागेवर यायला आणखी दहा-पंधरा. वाक्य संपतं, कुणीतरी 'मी उघडली' म्हणून मोकळंही होतं, तेव्हा कुठे आलेख वर चढलेला असतो. सगळ्या पायऱ्यांचा मिळून एक उंचवटा. त्यातली लिंगाची जुळणी कोणती आणि आठवणीतली पेटी कोणती, हे त्या उंचवट्यातून सरळ वेगळं काढता येत नाही.

जागेचंही तसंच. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण दोन-तीन मिलिमीटरचा ठोकळा, आणि त्यात चेतापेशी लाखोंनी. शेजारीशेजारी बसून काही पेशी एक काम करत असतील आणि काही भलतंच, पण ठोकळ्याचा आकडा एकच येतो.

वेळ पकडायची असेल तर डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ईईजी करतात, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजतात. कुटास आणि हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवलं की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी एक ठरावीक लाट उमटते. 'आजीने भाकरीवर लोणी ठेवलं' आणि 'आजीने भाकरीवर मोजा ठेवला', तसलं. ही लाट फार सुंदर हत्यार आहे. पण ती मेंदूत कुठून निघाली हे कवटीबाहेरून नक्की सांगता येत नाही. एकाच लाटेला आतल्या कितीतरी वेगवेगळ्या मांडण्या बसू शकतात. ईईजीला वेळ कळते, फंक्शनल एमआरआयला जागा, आणि दोन्हींची सांगड घालताना पुष्कळ गृहीतं धरावी लागतात.

हे सगळं निरोगी मेंदूबद्दल झालं. तुमच्या अप्पांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. हा स्कॅन रक्तपुरवठा नेहमीसारखा प्रतिसाद देतो असं धरून चालतो. अप्पांचा आजारच रक्तपुरवठ्याचा आहे. धमनी अरुंद किंवा बंद झालेल्या भागात पेशी काम करत असतात, तरी रक्त वेळेवर वाढत नाही, उशिरा वाढतं किंवा वाढतच नाही. अशा वेळी चित्रात तो भाग कोरा दिसतो. कोरा दिसला म्हणून मेलेला असं म्हणता येत नाही. चित्र बघून घरच्यांनी हाय खाल्ली आणि सराव सोडून दिला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी इतकं लांबण लावते आहे.

आता आत काय करवून घेतात ते पाहू. रुग्णाला नळीत झोपवून नुसतं 'भाषा' मोजता येत नाही. दोन कामं द्यावी लागतात आणि एकातून दुसरं वजा करावं लागतं. ही वजाबाकीची पद्धत पीटरसन, पोस्नर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पेट (PET) स्कॅनवर, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव टोचून मेंदूतलं रक्त मोजणाऱ्या जुन्या तंत्रावर, गाजवली: शब्द नुसता बघणे, मग तो उच्चारणे, मग त्याला साजेसं क्रियापद सुचवणे, एकेक थर उतरवत जायचं. कल्पना फार हुशारीची. गृहीत असं की नवं काम वर चढवलं तरी खालची कामं जशीच्या तशी राहतात. माणसाचं डोकं असं थरांच्या डब्यासारखं असतं का?

आमच्या प्रकल्पात मराठी वाक्यांमधून अर्थहीन शब्द वजा करायचे होते. मी चांगली मेहनत घेऊन 'लोपट', 'गिरमू', 'साटणे' असले शब्द रचले. पहिलेच गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, ते दुसरं कन्नड होतं ना? मी बराच अर्थ लावायचा प्रयत्न केला." झालं. ज्याला आम्ही 'भाषा नाही' म्हणत होतो तिथे ते सगळ्यात जास्त भाषा वापरत होते. वजाबाकीत उरलं ते काय, देव जाणे.

दुसरा किस्सा याहून वाईट. बोललं की जबडा हलतो, डोकं हलतं आणि चित्र बिघडतं. शिवाय यंत्राचा धडधडाट इतका की कानात बोळे घालावे लागतात. म्हणून पुष्कळदा सांगतात, 'मनातल्या मनात बोला'. एका बाईंना आम्ही चित्रांची नावं मनात घ्यायला सांगितली. नकाशा अगदी देखणा आला, डावीकडे दोन ठसठशीत डाग. नंतर मी शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं की त्यांना सूचना समजलीच नव्हती. त्या आत रामरक्षा म्हणत होत्या. ज्याला बोलणं किंवा समजणं कठीण जातंय, त्याने मनात नेमकं काय केलं हे तपासायचा मार्गच नसतो, आणि वाचाघातात नेमकं तेच तर तपासायचं असतं.

आकडेमोडीचं एक उदाहरण, कारण ते मजेशीर आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले' आणि त्यातल्या लोकांच्या भावना ओळखायला सांगितलं. हजारो ठिपक्यांची एकदम तुलना करताना घ्यायची सांख्यिकी खबरदारी मुद्दाम घेतली नाही, तेव्हा माशाच्या मेंदूत रंग दिसला. खबरदारी घेतल्यावर गेला. त्यांना २०१२ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. लोक हसून विसरतात. पण २०२० मध्ये ७० गटांना एकाच प्रयोगाचा तोच डेटा देऊन नऊ प्रश्न विचारले, तर विश्लेषणाची वाट दोन गटांचीही तंतोतंत सारखी नव्हती, आणि काही प्रश्नांवर उत्तरंही फाटली. तो प्रयोग भाषेचा नव्हता, जुगारातल्या निर्णयांचा होता. हत्यारं मात्र तीच.

समजा सगळं नीट पार पडलं. रुग्णाने सांगितलं तेच केलं, गणित चोख झालं, ब्रोकाच्या भागात रंग आला. त्याचा अर्थ काय? त्या भागात वाक्यरचनेलाही रंग येतो, अवघड शब्द आठवतानाही येतो, संगीत ऐकताना, हाताच्या हालचाली बघताना, आणि भाषेशी संबंध नसलेलं किचकट काम करतानासुद्धा येतो. रंग दिसला म्हणून 'इथे व्याकरण चाललंय' म्हणणं म्हणजे धूर दिसला म्हणून 'पुरणपोळी होतेय' म्हणण्यासारखं आहे. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या उलट्या तर्काबद्दल नीट इशारा दिला होता. तरी तो चालूच आहे.

आणि रंग आला याचा अर्थ तो भाग गरजेचा आहे असाही नाही. शल्यविशारदांना हे सगळ्यात चांगलं माहीत असतं. गाठ किंवा फिटसाठी शस्त्रक्रिया करण्याआधी ते फंक्शनल एमआरआय करून घेतात, भाषा डावीकडे आहे की उजवीकडे याचा अंदाज घ्यायला. तिथे त्याचा खरा उपयोग आहे. पूर्वी यासाठी जुन वाडा यांची चाचणी करत, गळ्यातल्या धमनीतून औषध देऊन मेंदूची एकेक बाजू काही मिनिटं झोपवायची. स्कॅनमुळे तिची गरज बरीच कमी झाली. पण भाषेच्या जवळ सुरी न्यायची वेळ आली की ते रुग्णाला जागं करतात, मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज देतात आणि चित्रांची नावं विचारत राहतात. जिथे वीज लावली की नाव अडतं, ती जागा सोडायची. नकाशा हातात असताना हा खटाटोप का? कारण रंगलेला भाग काढूनही माणूस बोलू शकतो, आणि न रंगलेल्या भागाला धक्का लागून गप्पही होऊ शकतो. जॉर्ज ओजमन यांनी १९८९ मध्ये अशा ११७ रुग्णांचे नकाशे मांडले. नाव अडवणाऱ्या जागा लहान लहान होत्या आणि माणसामाणसांत इतक्या वेगळ्या की पुस्तकातल्या आकृतीवर कुणाचीच नीट बसेना.

सरासरी काढण्याची सवय मोडायला लोकांना फार वेळ लागला. वीस जणांचे मेंदू एका साच्यात ताणून बसवायचे आणि सरासरी रंगवायची. वर्षानुवर्षं वापरात असलेला एक साचा तर एकाच साठ वर्षांच्या फ्रेंच बाईंच्या मेंदूवरून बेतलेला होता. एव्हेलिना फेडोरेन्को यांनी २०१० पासून प्रत्येक माणसात भाषेच्या जागा वेगळ्या शोधायला सुरुवात केली, तेव्हा चित्र बरंच स्वच्छ झालं. ब्रोकाच्या परिसरात भाषेलाच वाहिलेल्या जागा आणि कुठल्याही अवघड कामाला धावून येणाऱ्या जागा अगदी शेजारीशेजारी सापडल्या. सरासरीत त्या एकमेकींत मिसळून जात होत्या. त्यांच्याच गटाने २०२२ मध्ये १२ भाषाकुळांतल्या ४५ भाषांच्या बोलणाऱ्यांवर काम केलं आणि भाषेचं जाळं सगळीकडे मोठ्या मानाने सारखंच आढळलं. स्कॅनच्या संशोधनातलं मला आवडणारं काम हे. पण 'कुठे' सारखं आहे यावरून 'कसं' कळत नाही. मराठीत क्रियापद पेटीशी जुळतं आणि इंग्रजीत जुळत नाही, हा फरक त्या सारख्याच जागेत कसा हाताळला जातो, हा प्रश्न उघडाच राहतो.

भाषा आणि मेंदू यांचा अभ्यास करणारे डेव्हिड पोपेल यांचा यावरचा मुद्दा मला पटतो. भाषाशास्त्र बोलतं लिंग, विभक्ती, वाक्यांश अशा घटकांबद्दल. मेंदूविज्ञान बोलतं पेशी, तंतू, लहरींबद्दल. या दोन याद्यांमधली एकही नोंद दुसऱ्या यादीतल्या नोंदीशी सरळ जुळत नाही. स्कॅनर आणखी तीक्ष्ण केला म्हणून त्या आपोआप जुळणार नाहीत. २०१७ मध्ये योनास आणि कॉर्डिंग यांनी एक गंमत केली. जुन्या व्हिडिओ गेममधली ६५०२ ही चिप घेतली. तिच्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचं बारीकसं बटण, माहीत आहे, म्हणजे उत्तर आधीच हातात. मग तिच्यावर मेंदूविज्ञानाच्या नेहमीच्या पद्धती चालवल्या, अगदी एकेक ट्रान्झिस्टर 'मारून' कोणता गेम बंद पडतो तेही पाहिलं. काही ट्रान्झिस्टर गेले की एकच ठरावीक गेम बंद पडायचा. मग काय, तो 'त्या गेमचा ट्रान्झिस्टर' म्हणायचा? चिप कशी चालते हे त्यातून कळलं नाही.

एक आंधळी जागाही आहे, थोडक्यात सांगते. कानशिलाच्या आतला, पुढच्या टोकाचा भाग शब्दांच्या अर्थासाठी फार महत्त्वाचा. पण तो हवेने भरलेल्या पोकळ्यांना लागून आहे आणि तिथे साध्या फंक्शनल एमआरआयचा सिग्नल विरून जातो. त्यामुळे बरीच वर्षं स्कॅनच्या अभ्यासांत त्या भागाचा उल्लेखच कमी येई, आणि तोच भाग झिजल्यामुळे वस्तूंचे अर्थ हरवत चाललेले रुग्ण मात्र आमच्यासमोर बसलेले असत.

आता तेलुगू की मराठी. स्कॅनने हे दिसत नाही. १९९७ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे: १२ द्विभाषिकांपैकी ज्यांनी दुसरी भाषा मोठेपणी शिकली, त्यांच्या ब्रोकाच्या भागात दोन भाषांचे दोन शेजारी डाग, लहानपणापासूनच्या द्विभाषिकांत एकमेकांवर पडलेले. पुढच्या अभ्यासांत निष्कर्ष सगळे एका दिशेने गेले नाहीत. भाषा किती चांगली येते आणि किती वापरात आहे यावर बरंच अवलंबून निघालं. डाग वेगळे दिसले तरी लकव्यानंतर कोणती भाषा आधी येईल हे त्यावरून सांगता येत नाही. मिशेल पारादी यांनी द्विभाषिक वाचाघाताच्या नोंदी गोळा केल्या, त्यात सगळे प्रकार आहेत: दोन्ही बरोबरीने येणं, एक पुढे एक मागे, एक आली की दुसरी हटणं, अगदी दिवसाआड अदलाबदलसुद्धा. मी सोलापूरकडचे जे रुग्ण पाहिले, त्यातल्या बऱ्याच जणांत दोन्ही भाषा साधारण बरोबर सुधारल्या. पण एक आजोबा होते, घरी आयुष्यभर तेलुगू बोललेले, त्यांचे आधी आकडे परत आले आणि ते मराठीतले, कारण त्यांनी हिशोब मराठीत केले होते. म्हणून अप्पांची तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. थेरपिस्टना तेलुगू येत नसेल तर तुम्ही शेजारी बसा. घरात मात्र ओढूनताणून मराठी बोलू नका. तुम्ही त्यांच्याशी नेहमी जी बोलता तीच बोला.

भाच्याच्या बातमीबद्दल. ती बहुधा टेक्सास विद्यापीठाच्या २०२३ च्या कामाची आहे. काम खरं आणि उत्तम आहे. पण तीन निरोगी माणसं, प्रत्येकाने स्कॅनरमध्ये १६ तास गोष्टी ऐकल्या, तेव्हा संगणक नव्या गोष्टीचा साधारण मथितार्थ मांडू लागला. शब्द नेहमी तेच नसत. एकावर शिकवलेला संगणक दुसऱ्यावर चालेना, आणि माणसाने मुद्दाम मनात दुसरंच काही चालवलं की तोही गडबडे. शिवाय अंदाज बांधायला एक भाषा-मॉडेल, म्हणजे पुढचा शब्द सुचवणारा संगणकी प्रोग्रॅम, मदतीला होतं. शब्द पुष्कळसे तेच सुचवत होतं. अप्पांच्या मनात काय आहे ते वाचायला हे यंत्र आज उपयोगाचं नाही.

मग पुढचा अंदाज कशावरून बांधायचा? नुकसानीचा आकार आणि खोली, जी साध्या एमआरआयवर दिसते. पहिल्या आठवड्यांत वाचाघात किती तीव्र होता. समज किती शाबूत आहे. लंडनमध्ये कॅथी प्राइस यांचा गट शेकडो रुग्णांचे साधे स्कॅन आणि भाषाचाचण्या वर्षानुवर्षं एकत्र ठेवून 'असं नुकसान असलेल्यांचं पुढे काय झालं' ते पाहतो. मला हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात चित्राच्या शेजारी माणसाचं बोलणंही ठेवलेलं आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, पण ती नंतर थांबते हे खरं नाही. दोन-तीन वर्षांनी नवे शब्द धरणारे रुग्ण मी पाहिलेत.

आरती म्हणता येते आणि पाणी मागता येत नाही, हे तुम्हाला विचित्र वाटलं. हे जुनं निरीक्षण आहे. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज न्यूरॉलॉजिस्टनी एकोणिसाव्या शतकातच घोकलेलं बोलणं आणि त्या क्षणी रचलेलं बोलणं यांत फरक केला होता. आरती, अंक, वार, शिव्या हे पहिल्या प्रकारातलं. ते येतं म्हणजे जीभ, ओठ, आवाज यांची गाडी चालू आहे, ही चांगली खूण. पण आरती वाढवत नेली की एक दिवस आपोआप गप्पा सुरू होतील असं नसतं. तिथून पाणी, चहा, दुखतंय अशा कामाच्या शब्दांकडे मुद्दाम पूल बांधावा लागतो, आणि तो रोज थोडा थोडा.

स्कॅनचे पैसे थेरपीच्या सत्रांकडे वळवा. आणि घरी एक करा. दर रविवारी फोनवर त्यांचं दहा मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा. अडखळणं, चुकीचे शब्द, रागावणं, सगळं राहू द्या. काही नीट आलं की घाईने 'शाब्बास' म्हणून मध्ये पडू नका. कपबशी, चावी, चप्पल अशा दहा वस्तू ठरवून दर वेळी त्याच दाखवा आणि पहिला आवाज काय आला तो लिहा. मला किंवा कुठल्याही चांगल्या थेरपिस्टला तीन महिन्यांच्या अशा रेकॉर्डिंगमधून जे कळेल ते त्या रंगीत चित्रातून कळणार नाही.

आणि तो 'माट'. तुम्ही लिहिलंय की मदतीला येणाऱ्या मावशी 'माट' ऐकलं की पाणी आणून देतात आणि अप्पा हाताने बाजूला सारतात. मावशी मराठी, त्यांना पाण्याचा माट आठवणार. तुमच्या घरातल्या तेलुगूत 'माट' म्हणजे शब्द, बोलणं. लबोर्न्यच्या 'तॅन'सारखा तो नुसता अडकून बसलेला आवाजही असू शकतो. अशा रुग्णांत तो कशालाही येतो, चहा हवा असो की पंखा. तेव्हा एक दिवस वही घेऊन बसा. 'माट' कधी आलं, त्याआधी काय घडलं होतं, सूर चढा होता की उतरता, आणि तुम्ही तेलुगूत 'काय सांगायचंय?' असं विचारल्यावर हात कुठे गेला, एवढं लिहा. ते पान मला पाठवा.